पाणी सोडलं तर तयारी पूर्ण

३ जानेवारी, सोमवार
नाव नोंदवलं. शर्यत १९ जूनला. तलावात १९०० मीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१ किलोमीटर धावणं. सगळं एका दिवसात. माझ्या दुकानासमोरच्या बूटवाल्याने दहा किलोमीटर धावून मेडल मिळवलं आणि ते काउंटरमागे टांगलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. मला सत्तेचाळीसावं लागलंय आणि शरीर ऐन उमेदीत आहे, एवढंच कारण.

चोवीस आठवड्यांचा तक्ता केला. तीन रंगांत. बायको शाळेत गणित शिकवते, तक्ता दिसला की तिला राहवत नाही. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, तुला पोहता येतं का. म्हटलं, लहानपणी येत होतं, पोहणं माणूस विसरत नाही. तिने विचारलं, लहानपणी कुठे पोहायचास. गणितवाल्यांना तपशीलच फार लागतो.

५ जानेवारी, सकाळी ६.१०
स्विमिंग पूलवर पहिला दिवस. चष्मा लॉकरमध्ये. नंबर उणे सहा. काठावरच्या लाइफगार्डला वाकून गुड मॉर्निंग केलं. नंतर कळलं, ती खुर्चीवर वाळत घातलेली चादर होती.
पोहण्याचा नंबरचा गॉगल मला फुकटात पडेल, चष्म्याचं दुकान माझंच आहे. पण पूलमध्ये बघायचं काय असतं? पाणी. ते न बघताही कळतं.
पोहलो: नऊ मीटर. इथलं पाणी जड आहे.

९ जानेवारी
सासरे आमच्याकडे राहायला आले. बंदरावर क्रेन चालवण्यात उमर गेली, बोलणं कमी. बायको म्हणाली, बाबांचा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, रोज तुझ्याबरोबर ने. माझ्या ट्रेनिंगवर परिणाम होणार. पण जावई आहे, करावं लागतं.

१७ जानेवारी
प्रशिक्षक लावल्या. बाई पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, पण ती कधी वाजवत नाहीत. मी माझं ध्येय सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणत्या वर्षीच्या जूनमध्ये.
नंतर वीस मिनिटं मला दांडी धरून पाय हलवायला लावले. शेजारी सहा वर्षांच्या मुली तेच करत होत्या. त्यांचा वेग जास्त होता, पण त्यांना वाहून न्यायला शरीरच कमी असतं.

२ फेब्रुवारी
बाईंचं म्हणणं, पाण्याखाली श्वास सोडा. माझं म्हणणं, जिथे हवा मिळत नाही तिथे असलेली हवा सोडायची नाही. कॉमन सेन्स आहे. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि दुसऱ्या लेनकडे गेल्या. पटलं असावं.
सासरे उथळ भागात येरझाऱ्या घालतात. तोंड सतत माझ्याकडे. शिकण्याची इच्छा दिसते.

१४ फेब्रुवारी
विश्रांती. शरीराची मागणी.

१५ फेब्रुवारी
विश्रांती. मागणी चालू.

२८ फेब्रुवारी
सायकल बेडरूममध्ये स्टँडवर बसवली आहे. महिन्यात एकूण ९० किलोमीटर झाले. म्हणजे अंतर आवाक्यात आहे, आता फक्त ते एका दिवसात बसवायचं. बायकोने हँडलवर टॉवेल वाळत घातले होते. ते काढून पुन्हा घालण्यात रोज सहा मिनिटं जातात, म्हणून आज सायकल घेतली नाही.

१२ मार्च
धावलो. चार किलोमीटर. परत येताना बूटवाला दुकान उघडत होता, म्हणून शेवटचे दोनशे मीटर खूप जोरात. तो म्हणाला, वा. नंतर दुकानात खुर्चीवर बसलो तो उठता येईना. गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता बसल्या जागेवरून काठीने दाखवला.

३ एप्रिल
आज एक गोष्ट झाली. चिडून, बाईंना खोटं पाडायला म्हणून, पाण्याखाली श्वास सोडला. बुडबुडे आले. मी बुडालो नाही. तोंड वर काढल्यावर हवा आपोआप आत गेली. पुन्हा केलं. पुन्हा. हात पुढे जात राहिला आणि एकदम भिंत लागली.
पंचवीस मीटर, न थांबता. छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. बाईंनी बोटाने परत फिरा अशी खूण केली. फिरलो. चाळीसाव्या मीटरला लेनची दोरी धरली.
सासरे म्हणाले, बरं झालं. तीन महिन्यांतलं त्यांचं माझ्या पोहण्यावरचं हे पहिलं मत.
हिशोब केला. जानेवारीत नऊ, एप्रिलमध्ये चाळीस. या वेगाने प्रगती झाली तर ऑगस्टमध्ये मी जगात कुठेही पोहू शकतो. तक्त्यात सुधारणा केली.

८ मे
पन्नास मीटर. मग विश्रांती. मग पन्नास. विश्रांती धरली तर एकूण चारशे.

२२ मे
आयोजकांचा ईमेल. प्रशिक्षकाची सही असलेला दाखला हवा, की स्पर्धक दीड हजार मीटर सलग पोहतो. बाईंकडे कागद नेला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, पुढच्या वर्षी आणा, मी आनंदाने करीन. म्हटलं, मॅडम, सलग म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या व्याख्येवर असतं. त्या म्हणाल्या, तलावाला दोरी नसते.
घरी येऊन ईमेल पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरांत पर्याय होता: स्वयंघोषणा. चौकोनात टिक केलं. बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदाच आहे.

१२ जून
जेवताना बायकोने तो दाखला विचारला. घोषणापत्र दिलं म्हणालो. तिने ताट बाजूला सरकवलं. म्हणाली, कोणी घोषित केलं. मी म्हणालो, मी. सासरे पाणी पीत होते, ते थांबले.
मग ती म्हणाली, तू तक्त्यात सायकल लिहिलीस, धावणं लिहिलंस, झोपसुद्धा लिहिलीस. तू बुडालास तर मला काय होईल, ते कुठल्या रंगात आहे.
 रंग तीनच आहेत.
रात्रभर ती पाठ करून झोपली होती. माघार घ्यावी असं एकदा मनात आलं. पण बूटवाल्याने दुकानाबाहेर पाटी लावली आहे, ‘आमच्या शेजाऱ्यांना शुभेच्छा’. माझ्या नावासकट.

१८ जून
तलावाजवळच्या हॉटेलात. बायको फेरपरीक्षेच्या पेपरांमुळे येऊ शकली नाही, तिने सासऱ्यांना बरोबर दिलं. त्यांना गुडघ्याचा त्रास असताना. उगीच जबाबदारी वाढली.
रबरी सूट घालून बघितला. तो माणसाला आपोआप तरंगत ठेवतो. चेन लावायला सासरे आणि खोली झाडणाऱ्या बाई, दोघं लागले.
तयारी पूर्ण. पाणी सोडलं तर.

१९ जून, रविवार. सकाळी ११, बाकावर बसून
जसं झालं तसं लिहितो.
सूचना साधी होती. पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी फुग्यापर्यंत पोहत जा, त्याला वळसा घाला, परत या. असे दोन फेरे. चष्मा सासऱ्यांच्या खिशात. भोंगा वाजला, दोनशे माणसं पाण्यात घुसली. मी सर्वांत मागे राहिलो, डावपेच म्हणून. कोणाची तरी लाथ बसली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मी तिथेच वळून बाहेर पडणार होतो. पण मग श्वास सोडला. बुडबुडे. हात. पुन्हा हात. सूट तरंगत ठेवत होता. हळूहळू आजूबाजूचा गोंधळ संपला. मी एकटा पोहत होतो, आणि खरं सांगायचं तर, फार सुरेख वाटत होतं. सगळ्यांना मागे टाकलं असावं असं वाटलं.
समोर नारिंगी ठिपका होता. मोठा होत होता. मी त्याच्याकडे पोहत राहिलो. एकदाही थांबलो नाही, दोरी नव्हतीच. मग हाताला चिखल लागला. उभा राहिलो तर पाणी गुडघ्याएवढं.
नारिंगी छत्री होती. तिच्याखाली एक बाई पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांनी मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, तुम्ही त्या शर्यतीतले का? ती तिकडे आहे. हात भलत्याच दिशेला केला.
घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती.
तेवढ्यात काठाने सासरे आले. हात मागे बांधून, घाई न करता. मी वळल्यापासून ते काठाने माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, दोनदा थांबलो, तुम्ही मागे पडलात म्हणून. खिशातून चष्मा काढून दिला. चष्मा लावल्यावर खरा फुगा दिसला. खूप लांब होता. बाकी स्पर्धकांच्या पिवळ्या टोप्या त्याला वळसा घालून परतसुद्धा येत होत्या.
सासरे म्हणाले, पावलं मोजली, तीनशे मीटर भरतील.  
सूट काढायला बाकावर बसलो. सासरे शेजारी बसले तेव्हा त्यांचा शर्ट जरा वर सरकला. पँटच्या आत पोहण्याची चड्डी होती. मी बघतच राहिलो. म्हटलं, नाना, हे काय. म्हणाले, लांब गेला असता तर उतरावं लागलं असतं ना.
त्यांना पोहता येतं. बंदरावर असताना दोन माणसं बाहेर काढली आहेत. मी विचारलं, मग पाच महिने उथळ पाण्यात चालत का होता. ते म्हणाले, तुम्ही उथळ पाण्यात होता. गुडघ्याचं विचारलं. गुडघा ठीक आहे, म्हणाले. मुलगी म्हणाली, यांच्याबरोबर जा.
म्हणजे मी त्यांना नेत नव्हतो.

१९ जून, दुपारी ४
बायकोला फोन केला. छत्रीपर्यंत सांगितलं.  वाटलं, फोन कट झाला. मग कळलं, हसतेय. आणि मग हसत नव्हती. म्हणाली, जेवलात का दोघं.
आयोजकांच्या यादीत माझ्या नावासमोर: पोहणे अपूर्ण. अपूर्ण या शब्दावर आक्षेप घेण्याचा ईमेल लिहायला घेतला. तीनशे मीटर सलग. सलग हा शब्द खोडता येणार नाही. पाठवला नाही.

२० जून
बूटवाल्याने पाटी काढली. माझ्यासमोर नाही, दुपारी मी जेवायला गेलो तेव्हा. चांगला माणूस आहे.
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, सलग? म्हटलं, सलग. मग म्हणाल्या, उद्या वेळेवर या. नंबरचा गॉगल घालून.

२ जुलै
दुकानात बँकेतल्या एक बाई डोळे तपासायला आल्या. चाळिशीच्या, नंबर बराच. तपासणीची जाड फ्रेम चढवून त्यांना खुर्चीत बसवलं होतं, काचा अजून घातल्या नव्हत्या. म्हणजे समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्यासारखा. तशात त्यांनी विचारलं, ते तलावात छत्रीकडे पोहत गेले, ते या दुकानातलेच ना? म्हटलं, नाही. तो माझा भाऊ.
आता हसतील म्हणून थांबलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तीनशे मीटर म्हणे. मला कंबरभर पाण्यातसुद्धा काठ सोडवत नाही. तुमच्या भावाला भीती नाही का वाटत?
मी काच पुसत होतो. म्हणालो, वाटते. पहिल्यापासून वाटते. लहानपणी तो कधी पाण्यात उतरलाच नाही, घरी मात्र येतं म्हणून सांगायचा.
त्यांनी विचारलं, अजून जातात का पोहायला. म्हटलं, रोज. सकाळी सहाला, उथळ भागात. सासरे असतात बरोबर.
त्या म्हणाल्या, मग मी येऊन बघीन एकदा. ओळखायचं कसं?
मला भाऊ नाही. मी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काच बसवली, धुकं सरलं, आणि म्हणालो, सर्वांत खालची ओळ वाचा.