टाच ओढून बघायची राहिली

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलल्याशिवाय जिवाला चैन पडेना. सकाळपासून चारदा कागद घेतला, चारदा बाजूला ठेवला. आपल्या म्हसोबाच्या वळणावर दूधवाला मोटरसायकलवरून पडला. मांडीचं हाड मोडलं, नारायणगावच्या दवाखान्यात रॉड टाकलाय. सगळा गाव म्हणतो, गाडी जोरात होती. नव्हती, आबा. त्याच्या मागंच माझी स्कूटी होती. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून बिचारा हळूहळू चालला होता. कुणाच्या तरी पाइपाचं पाणी वळणावर आलं होतं, त्यावर चाक गेलं आणि गाडी आडवी. आणि तो रस्ता मी केलाय.

तुम्ही जन्मभर मैलकामगार. मला अजून दिसतं, मी भाकरी घेऊन आलेय आणि तुम्ही आणे गावाच्या रस्त्यावर भर उन्हात वर आलेल्या डांबरावर मुठीमुठीनं कच, ती बारीक खडी, टाकताय. मला म्हणता, "थांब वाईच." किटलीतलं प्यायचं पाणी रस्त्यावर ओतता, चपला काढता आणि उघडी टाच त्यावरून जोर देऊन ओढता. टाच अडली की मगच भाकरीला हात. एकदा मी म्हटलं, आळेफाट्याकडचा रस्ता कसा काळा कुळकुळीत आहे, आपला मेला भुरकट आन् खरबरीत. केवढे भडकलात तुम्ही! "रस्ता काय नवरी हाय व्हय, नटवायला? डांबर खडीला धरतंय, खडी चाकाला धरती. खडीच बुडवली तर चाकानं धरावं कुणाला?" मी रडले होते त्या दिवशी. डिप्लोमा झाल्यावर तुम्ही मला कामावर घालायचे बूट आणलेत, वारूळवाडीच्या मैत्रिणीला मी ते मिरवत दाखवले. देताना म्हणालात, "घाल. पर येळ आली तर काढायची लाज वाटू देऊ नको." तेव्हा हसले मी. काय कळत होतं मला!

यंदा यात्रेच्या आधी ठेकेदाराकडून त्या वळणाचं काम माझ्याकडं आलं. काम चांगलं चाललं होतं, आबा, तुमची शपथ. पण शेवटच्या दिवशी गावातली मोठी माणसं आली. "मॅडम, लई भुरकट दिसतंय राव. यात्रेला पावणं येणार, जरा काळंभोर करा की." खडी बुडणार, मला माहीत होतं. तरी डांबर फवारणाऱ्याला म्हटलं, अजून एक हात मार, आणि वरचा कच कमी टाक. रस्ता असा चमकला की विचारू नका. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. एकजण म्हणाला, "आबाची पोरगी शोभती!" आणि मी भर गर्दीत उभी. किटली नव्हती, पण पाण्याची बाटली हातातच होती. एवढ्या लोकांसमोर बूट काढून टाच घासत बसायचं? मी बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं.

मग ऊन तापलं आणि डांबर वर आलं. रोज जाता-येता बघत होते. उद्या कच टाकते, परवा टाकते, असं करत राहिले. तो पडला तेव्हा हवालदारांनी मला विचारलं, "तुमी मागं व्हता ना? लई जोरात व्हता ना गडी?" मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे! देव कशाला, मीच जाणते. काल दवाखान्यात गेले, तर तो पडल्या पडल्या मलाच म्हणतो, "मॅडम, तुमच्या नव्या रस्त्यावर दुधाचा राडा केला बघा. माजंच ध्यान नसंल." त्याची आई शेजारी बसलेली, ती त्याला बोल लावत होती, दिसंल तिथं पळवायची सवयच हाय म्हणून. मी सफरचंदं ठेवली आणि निघून आले. रात्रभर नुसत्या घरात येरझाऱ्या घातल्या.

आज दुपारी चार पोती कच घेऊन वळणावर गेले. तुमच्यासारखाच हातानं टाकला, वरून टेम्पो पुढंमागं फिरवला, सुटा राहिलेला कच झाडून काढला. टेम्पोवाला निघून गेला. मग बूट काढले, पाणी ओतलं, टाच ओढली. अडली, आबा. चांगली अडली. तिथंच ठरवलं, आता असंच अनवाणी हवालदारांकडं जायचं आणि सांगायचं, गाडी हळू होती, खोट माझ्या कामात होती.

गेले नाही, आबा. हे पत्र कुठं टाकू? तुमचा पत्ता नाही, आणि ज्यांना द्यायला हवं त्यांना द्यायला हात धजत नाही. तुमच्याशी तरी खोटं बोलत नाही. टाच अडली तेवढ्यात वळणाच्या पलीकडून एक मोटरसायकल येताना ऐकू आली, आणि मी घाईघाईनं बूट चढवले.