हळदीच्या कापडावरचे पोपट

डिंडोली, सुरत

तीर्थरूप वत्सलाताईस चंचलचा वाकून नमस्कार.

‘कात्री खाली ठेव आणि आधी मला हाक मार.’ मी नऊ वर्षांची होते आणि दादांच्या नव्या धोतरातून बाहुलीचा परकर बेतत होते, तेव्हा तू हे म्हणाली होतीस. आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे, आणि परवा पुन्हा तुला हाक न मारताच कात्री उचलली.

तुझे गुडघे कसे आहेत? अमळनेरला उन्हाळा फार आहे असं ऐकते. माठाचं पाणी पी, फ्रीजचं नको. इकडे सगळे बरे आहेत. गायत्रीच्या लग्नाला एकवीस दिवस उरले. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण मी हळदीचा विषय काढला की तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. (दाजी गेल्यापासून तीन वर्षांत तुझ्याकडे जेवढं दूध उतू गेलं, तेवढं अख्ख्या डेअरीत नसेल.) ‘लग्नाच्या दिवशी येईन, अक्षता टाकीन, संध्याकाळच्या गाडीने परत,’ एवढंच तू सांगितलंस. हळदीला येणार की नाही, हे अजून सांगितलेलं नाहीस. म्हणून पत्र.

तर, हल्ली हळदीला सगळ्या घराने एकसारखे पिवळे कपडे घालायची पद्धत आहे. गायत्रीचे पप्पा पलसाण्याला कापड रंगवण्या-छापण्याच्या ज्या प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्यात आहेत, तिथून त्यांनी एक सलग लांब तुकडा आणला. हळदीसारखा पिवळा, त्यावर फांदीवर बसलेले हिरवे पोपट. मी ठरवलं, सगळ्यांचे कपडे यातूनच, घरीच. आता तू म्हणशील, तुला शिवता कुठे येतं. ताई, मी अकरा वर्षं साड्यांना लेस लावते आहे. सरळ रेषेत साडेपाच मीटर मी श्वास न घेता शिवते. फक्त वळण आलं की माझं मशीन आणि मी दोघंही गोंधळतो, आणि कपड्यात वळणंच फार असतात. (बाहीचा मुंढा कोणी गोल ठरवला, कोण जाणे. चौकोनी असता तर मी आज मोठी टेलर असते.)

ह्यांनी मदत करतो म्हटलं, तिथेच घात झाला. बावीस वर्षं फोल्डिंग केलेला माणूस कापड दिसलं की घडी घातल्याशिवाय राहत नाही. (टॉवेलच काय, झोपलेल्या माणसाच्या अंगावरची गोधडीही घडी करायला जातात.) हॉलमधली फरशी पुसून त्यांनी अख्खा तुकडा गिरणीच्या पद्धतीने घातला, एक मीटर पुढे, एक मीटर मागे, काठाला काठ. इतकं सुंदर काम की मला वाटलं, आता वेगवेगळं कशाला बेतायचं? वरच्या थरातून पुढचा भाग, खालच्या थरातून मागचा, एकाच कात्रीत दोन्ही. मी भराभर कापत सुटले. ललितचा झब्बा, ह्यांचा झब्बा, गायत्रीचा कुर्ता, सासूबाईंचं आणि माझं ब्लाउज. ताई, कापड पुढे-मागे दुमडलं की दर दुसऱ्या थरावरचे पोपट उलटे होतात, हे त्या घरात ज्याला सर्वांत आधी कळायला हवं होतं तो माणूस शेजारी बसून माझं कौतुक करत होता.

कळलं ते शिवून झाल्यावर. ललितने झब्बा घातला. पुढून छान, फांदीवर पोपट. तो वळला आणि सासूबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, “हाई पोपट शेतस का वटवाघळं?” पाठीवर सगळे खाली डोकं वर पाय. ह्यांनी ललितला, गायत्रीला आणि मला आपापले कपडे घालून ओळीत उभं करून पाहिलं, पुन्हा वळवून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, “घडीत काही दोष नाही.” ललित म्हणाला, “मम्मी, टेन्शन नको लेवानु, आपण फोटो पुढूनच काढू.” गायत्री मात्र हसता हसता एकदम रडायला लागली. मी घाबरले, म्हटलं कुर्त्यामुळे. ती म्हणाली, “मावशी असती तर हे झालं नसतं.” मग आम्ही दोघी उलट्या पोपटांवर बसून थोडं रडलो. आता सगळे म्हणतात, असेच घालू, पाठीकडे कोण बघतं.

तब्येतीला जप. सासूबाई आठवण काढतात.

तुझी,
चंचल

ता. क. १: कापड उरलं होतं. त्यातून सहावा कपडा, एक ब्लाउज केलं, एक एक थर वेगळा पसरून, पोपट तीनदा तपासून. तुझं मापाचं निळं ब्लाउज मागच्या वेळी इथेच राहिलं होतं, त्यावरून. दोन्ही बाजूंनी सरळ आहे. मुंढा तीनदा उसवला, पण बसला.

ता. क. २: पिवळं घालायला तू तयार होणार नाहीस, हे मी शिवतानाही जाणत होते, तरी त्याहून मोठं मागते. परवा मी सासूबाईंना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, “मनी ना नही. ती हाव म्हनी का?” मी म्हटलं, नाही म्हणेल. नाहीच म्हणशील, हे धरूनच लिहिते आहे. आदल्या दिवशी ये, आणि गायत्रीला पहिली हळद तू लाव.