माझ्यानंतरचे अकरा जण

कुडवा, गोंदिया
१५ फेब्रुवारी २०१२

चि. तिलक यास,

तुझ्या बाईचे, या थोरल्या बहिणीचे, अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. पोरीची बारावी तोंडावर आली आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि माझी बडबड चालू. मामींच्या गुडघ्यांना मी पाठवलेल्या तेलाने काही फरक पडला का, ते कळव. मामांना रामराम सांग. दुसऱ्या वडीलधाऱ्यांना पत्रात नमस्कार लिहिता येतो. आपल्यात मामाच भाचीच्या पाया पडतो, तिथे मी काय लिहिणार!

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले. त्याला कारण होतं. तू म्हणालास, "बाई, तुह्या शाळेतले लोकं येऊन गेले. मी तं रायपूरले होतो. बाबा म्हनत होते, रविता नाही आली. काऊन नाही आली वो?" मी म्हटलं, डोकं दुखत होतं. मग तू खुशीत पुढचं सांगितलंस. रिसॉर्टच्या पाहुण्यांना पाय धुण्याचा कार्यक्रम फार आवडला, आणि या वेळी मामांनी नुसते पाय धुतले नाहीत, लोकांच्या पायांवर डोकंही टेकवलं. फोटो निघाले. आता होळीपासून हे कायमच ठेवणार, नव्या पत्रकात छापणार.

तिलक, मला किळस आली. दुसरा शब्द सुचत नाही.

तुझ्या त्या नदीकाठच्या रिसॉर्टबद्दल आजवर मी गोडच बोलत आले. एकुलता एक मामेभाऊ, धडपड करतो, त्याला कशाला नावं ठेवा! पण आता ऐकच. पत्रकात लिहिलंयस, 'निसर्गाच्या कुशीत निवांत दोन दिवस'. निसर्ग म्हणजे वाघ नदीच्या वाळूत अर्ध्या पुरलेल्या थर्माकोलच्या पत्रावळी आणि कोंबडीची हाडं. निवांत म्हणजे सकाळी दहापासून दणदणणारा डीजे. झाडीपट्टीचं जेवण म्हणून ताटात पनीर, आणि लाखोळीची डाळ वाटीत एवढीशी, तीही साखर घातलेली. लाखोळीच्या डाळीत साखर! मामींना दाखव एकदा. घोड्यांचा रँच रँच म्हणून मिरवतोस, ते दोन घोडे म्हणजे वरातीतून रिटायर झालेल्या घोड्या. त्यातल्या पांढरीच्या पाठीवर खोगिराखाली तळहाताएवढी जखम आहे. खोगीर जरा सरकलं की माशा उठतात, आणि पोरं वर बसून फोटो काढतात. त्या वासाने मला उलटी आली. चिंचेमागे जाऊन ओकले मी.

लिहून गेले. खोडत नाही.

हे सगळं आमच्या शाळेतल्या संध्या मॅडमने सांगितलं असं लिहिणार होते, तशी दोन पानं लिहून फाडलीसुद्धा. मी आले होते, तिलक. मामांनी तुला खोटं सांगितलं.

शाळेच्या सहलीसाठी तुझ्या रिसॉर्टचं नाव संध्या मॅडमनेच काढलं. हे माझ्या मामांच्या शेतावर आहे, हे मी तेव्हा बोलले नाही. म्हटलं, तिथे गेल्यावर थाटात सांगू. गेली बारा वर्षं स्टाफरूममध्ये मामांच्या गोष्टी सांगत आले आहे मी. नदीला लागून शेती, चैनलाल पाटलांच्या शब्दाला गावात मान, असं आणि तसं. तू म्हणाला होतास, बाबा पाहुण्यांकडे बघतात. मला वाटलं, फाटकाशी खुर्ची टाकून बसत असतील.

आम्ही सोळा जण होतो. तुझ्या माणसाने आम्हाला ओळीने बाकावर बसवलं आणि चपला काढायला सांगितल्या. मी पाचवी. परात घेऊन मामा आले. डोक्याला तो झगमगीत फेटा. जन्मभर ज्यांनी गमछ्याशिवाय डोक्याला काही बांधलं नाही, त्यांना तू वरातीतल्या घोडीसारखं सजवलंस. आपल्याकडे पाहुणा आला की लोटाभर पाणी ठेवतात, पाय तो आपले आपण धुतो. दुसऱ्याने धुवायचे ते लग्नात, लेकीचे आणि जावयाचे. इथे मामा आमच्या गणिताच्या सरांच्या बोटांमधली माती काढत होते आणि सर गुदगुल्या होतात म्हणून खिंकाळत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाबा, टाचा जरा नीट घासा."

तेव्हा उठायला हवं होतं मला. नाही उठले.

माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांनी मान वर केली. मला पाहिलं आणि चेहरा असा फुलला की विचारू नकोस. "आली का वो..." एवढं तोंडातून निघालंसुद्धा. मी मान फिरवून नदीकडे बघायला लागले. त्यांना कळलं. पुढचा शब्द त्यांनी गिळला, खाली बघून मुकाट माझे पाय धुतले, पुसले. आणि मग त्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकवलं.

त्यांचा इलाज नव्हता रे. मी रांगत होते तेव्हापासून पडतात ते माझ्या पाया. रागात असोत, तापात असोत, भाचीला तसंच सोडलेलं नाही त्यांनी कधी. तोंड बंद ठेवता आलं, कपाळ थांबवता आलं नाही.

माझ्याआधी चार जण झाले होते. त्यांचे नुसते पाय धुतले होते. संध्या मॅडम इथल्याच, तिरोड्याच्या. त्या लगेच म्हणाल्या, "अय्या, रविता मॅडम, तुमच्याच पाया पडले ते! मामा लागतात की काय तुमचे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणायचं होतं, एक अक्षर. पण शेजारी मुख्याध्यापिकांचे ओले पाय होते, आणि बारा वर्षं सांगितलेला पाटील माझ्यासमोर परात धरून बसला होता. मी हसले. म्हटलं, "काहीतरीच काय! सगळ्यांच्याच पडत असतील हो. टीपसाठी."

मामा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांना ऐकू चांगलं येतं, तुला माहीत आहे.

ते पुढे सरकले. संध्या मॅडमचे पाय धुतले, पुसले, आणि त्यांच्या पायांवर कपाळ टेकवलं. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंच्या. मग आमच्या शिपायाच्या, मग ड्रायव्हरच्या. माझ्यानंतर अकरा जण होते. अकराही जणांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं, प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात देऊन उठत. माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. संध्या मॅडम म्हणाल्या, "खरंच की, सगळ्यांच्याच पडतात." आणि तो विषय संपला.

तू फोनवर म्हणालास ना, "मी कायले सांगू बाबाले? त्याईनं आपल्या मनानंच केलं." त्यांच्या मनात काय होतं ते हे असं. त्याचा तू कार्यक्रम करायला निघाला आहेस. पत्रक छापू नकोस. छापलं असशील तर जाळ. परात उचलून घरात ने आणि मामांना बाहेर खुर्ची दे. घोडीला डॉक्टर दाखव. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, तुझा हक्क आहे. पण तूही आरशात बघ जरा. बापाच्या हातात परात तू दिलीस, मी फक्त त्यांची मान वाकवली.

हे पत्र मामांना वाचून दाखवू नकोस. रविवारी सकाळच्या गाडीने मी येते. संध्या मॅडमना सोबत आणते आहे. कशासाठी ते त्यांना अजून सांगितलेलं नाही, मामांसमोरच सांगेन. त्या दिवशी ते माझ्या पाया पडायला आले तर पडू देऊ की नको, ते मला अजून कळत नाही.

जिच्या एका शब्दासाठी तुझ्या बापाने अकरा परक्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, ती

रविता