तसबिरीचा खिळा

३ ऑगस्ट
२० सप्टेंबरला मिस्साची प्रार्थना आमच्या घरी. घरोघर फिरत एकवीस वर्षांनी पाळी आली. फादर मॅकग्लिन आणि अख्खी आळी येणार, म्हणजे रंग आलाच. मी एकटाच लावणार. घरही एकट्यानेच बांधलं, सिमेंटचा ब्लॉकन् ब्लॉक खाणीवर जाऊन निवडला. पश्चिमेच्या भिंतीला दोनचार भेगा आहेत. घर बसतंय, दुसरं काही नाही.

४ ऑगस्ट
ब्रीज म्हणते, एकवीस वर्षं बसतंच आहे, उठणार कधी? लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बाईला बांधकामातलं ओ की ठो कळत नाही.

११ ऑगस्ट
भेगांत लांबीची पुट्टी भरली. भिंत आरशासारखी.
संध्याकाळी त्याच भिंतीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर खाली आली. खिळा निसटला. हल्लीचे खिळे रद्दी. दुप्पट लांब ठोकला.

१२ ऑगस्ट
तोही पडला. ठोकताना मूठभर भुगा निघाला. दमट हवा. उद्या स्क्रू.

१९ ऑगस्ट
आळीतला कॉन बॉनर आला. स्वतःचं घर पाडून बायकोसकट अंगणातल्या कॅरॅव्हॅनमध्ये राहतो आणि वर मला शहाणपण शिकवतो. म्हणाला, युनन, तुझ्या ब्लॉकातही माझ्यासारखं अभ्रक आहे, त्याने ब्लॉकाचा भुगा होतो, नमुना काढून तपासून घे. मी म्हटलं, तुझे ब्लॉक तू डोळे मिटून घेतलेस, मी एकेक वाजवून घेतलाय. तो म्हणाला, वाजला असेल रे, पण तू ऐकलंस का? मेला! चहासुद्धा विचारला नाही.

२० ऑगस्ट
झोप नाही. लेकीच्या, नोरीनच्या लग्नात घरासाठी आहेर म्हणून दोन लॉरी ब्लॉक दिले, तेही मीच निवडून, त्याच खाणीचे. तिच्या दोघी मुली पश्चिमेच्या भिंतीला डोकं लावून झोपतात. म्हणजे माझे खराब निघाले, तर
नाहीत खराब. विषय संपला.

२ सप्टेंबर
स्क्रू पडला. बोल्ट आणला, नावेला असतो तसला. भोकात बोटं जातात. सिमेंट कोंबलं. भेगा परत आल्या, आधीपेक्षा रुंद. लांबी भेसळीची असणार.

९ सप्टेंबर
ब्रीज ब्लॉक तपासणीचा फॉर्म घेऊन आली. सही कर म्हणाली. मिस्सा होऊ दे म्हटलं. तर म्हणते, तुला देवाची नाही, आळीची लाज वाटतेय. फॉर्म घडी करून कपाटात टाकला.

१८ सप्टेंबर
रंगाचा दुसरा हात मारला. पिवळा, लोण्यासारखा. बोल्टवर तसबीर टिकली! कॉनला मुद्दाम आमंत्रण दिलं. बघू दे डोळे फाडून.

२० सप्टेंबर, संध्याकाळ
मिस्सा छान झाली. तेवीस माणसं. फादर म्हणाले, घर झकास ठेवलंय. कॉनही आला होता. ब्रीजची सँडविचेस संपली. तसबीर हलली नाही.
सगळे गेल्यावर नोरीन मागे राहिली. मी म्हटलं, बघ, बापाचे ब्लॉक! तिने पर्समधून स्वतःच्या घराची किल्ली काढली आणि तसबिरीशेजारी भिंतीत दाबली. जोर लावावा लागला नाही. मुठीपर्यंत गेली. म्हणाली, बाबा, माझ्याकडेही अशीच जाते. ईस्टरपासून मुलींना स्वयंपाकघरात झोपवतेय. तुम्ही मिरवत होता, कसं सांगणार?
ईस्टरपासून. मी त्या स्वयंपाकघरात जेवलोय. कोपऱ्यातल्या गाद्या बघून हसलोही, पोरींचे लाड म्हणून.

२१ सप्टेंबर
दोन्ही फॉर्म मीच भरले. आमचा आणि नोरीनचा. ब्लॉक कोणी निवडले, असा रकाना कुठेच नाही. नोरीनच्या फॉर्मवर समासात लिहिलं: वडिलांनी.
किल्ली न्यायची विसरली पोरगी. अजून भिंतीतच आहे.