काल काय खाल्लं, आजी?

माय, सगळ्यात आधी गावची आशाताई आली. चपला काढायच्या आधीच तिनं बातमी सांगून टाकली, की वरच्या मोहल्ल्यातल्या म्हातारीची शुगर उतरली, तिच्या डोळ्याचं ऑपरेशनही झालं, अन् आता ती सुईत दोरा ओवते अन् जाणाऱ्या-येणाऱ्याले बोलावून दाखवते. तिच्यामागून दवाखान्याची सिस्टर आली, शुगर मोजायच्या मशीनची थैली घेऊन. अन् सिस्टरच्या मागून शेजारीण, जिले कोणीच बोलावलं नव्हतं. मी ओसरीवर चटई टाकली. वरून बिरसीच्या विमानतळाचं शिकाऊ विमान घरघर करत फिरून राहिलं होतं. आधी मी त्याले बोट दाखवून मोजत असे, आता नुसता आवाज ऐकते. सिस्टर म्हणाली, "आजी, बोट द्या." मी म्हणलं, "बोट घे, हात घे, मी कुठं पळून राहिली?" सगळ्या हसल्या. मग मशीन वाजली अन् सिस्टर हसायची थांबली. "काऊन वं, लयच जास्त आहे का?" शेजारीण विचारते. "तू घरी जाऊन तुझी भाजी पाय, करपून राहिली," मी म्हणलं. पण ती काही हलली नाही.

तुले डोळ्याचं सांगायचंच राहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर गेल्यातच जमा, डाव्यानं एवढं मोठं अक्षर काढून लिहिते, तरी ओळ कुठं चढते अन् कुठं उतरते ते माहीत नाही. शुगर उतरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याले हात लावत नाही. अन् मले डोळा पाहिजे तो सुई ओवायले नाही. चार महिन्यांआधी घरात नात आली, माय! हसते तर सारं घर हसते, माझ्या आवाजावर मान फिरवते, माझं बोट धरते तर सोडत नाही. बारशाले देवरीची मावसबहीण आली होती. पाळण्यात पाहताबरोबर ती ओरडली, "अवं, ही तर मोठी मावशी! तेच कपाळ, तेच ओठ!" मोठी मावशी म्हणजे तू. तुझा एकही फोटो नाही. ती मावसबहीण उन्हाळ्यात गेली. आता तुझं तोंड पाहिलेलं या जगात एक मीच राहिली आहे, अन् मले नातीचं तोंड म्हणजे दुधावरच्या सायीसारखं धुरकट दिसते.

तर सिस्टरनं वही उघडली. "काल सकाळपासून काय काय खाल्लं, सांगा पाहू एकेक." दर खेपेले विचारते. अन् माय, ते विचारलं की मले आनंद होते, खोटं कायले बोलू. लग्न होऊन आल्यापासून लोकायनं मले विचारलं ते काय रांधलं. काय खाल्लं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी पदर सावरून बसते अन् सांगते: सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी ज्वारीची एक भाकर, मेथीची भाजी, संध्याकाळी अर्धी भाकर अन् मुगाचं वरण. "अन् भात?" "भाताले तर मी आता ओळखतही नाही." सिस्टरनं सारं लिहून घेतलं. सून लेकराले घेऊन दारात उभी होती, ती मोठ्या मानानं म्हणाली, "आमच्या आई पथ्याच्या पक्क्या आहेत, ताई. मी सोता ताट वाढते न." तेही खरं आहे. ताटात भाकरच असते. दुपारी चार वाजता ती लेकराजवळ पडली, की भाताच्या गंजावरचं झाकण मी आवाज न करता काढते, ते तिले कुठं माहीत?

भूक नसते, माय. सिस्टर सांगते, भूक लागली तर चणे खा, ताक प्या. तिनं एक चित्रही दिलं, ताटाचं, अर्ध्या ताटात नुसता भाजीपालाच. तिले वाटते मले कळत नाही म्हणून मी चुकते. मले सारं कळते. पण गंजात भात उरला आहे, पांढरा, अख्ख्या दाण्याचा, अन् तो आपलाच आहे, हे माहीत असलं की पाय आपोआप तिकडं जातात. आपल्या घरी कनकीची, तुकडा तांदळाची, पेज असायची, मीठ टाकलेली. अख्खा तांदूळ मजुरीले जायचो त्यायच्या घरी दिसायचा, सुपात. मी उभ्यानंच खाते, गुळाचा खडा घेऊन, चार घास, मग सहा, मग झाकणीनं खालचाही खरवडते. खाताना चव घेत नाही. कोणी येईल, एवढंच ऐकत असते.

अन् ते खोटं बोलणं तर तुझंच शिकवलेलं आहे. मी सहा-सात वर्षांची असीन. तलावावर कपडे धुताना, ज्याच्या शेतात मजुरीले जायचो त्या मालगुजाराच्या बाईनं मले विचारलं, "काय जेवली वं पोरी?" मी म्हणलं, "पेज." सगळ्या बायांसमोर. तू मारलं नाही. कपडे पिळले, डोक्यावर घेतले, अन् घराकडं निघाली. दारात आल्यावर म्हणाली, "आपल्या पोटातलं आपल्या घरात." दुसऱ्या दिवशी तू चुलीवर कढई ठेवली. जवसाचं बोटभर तेल टाकलं, एक लाल मिरची तडकवली. कढईत घालायले काहीच नव्हतं. नुसती फोडणी, गल्लीसाठी. ठसका बाहेर गेला अन् पलीकडून आवाज आला, "काय वं आज भाजी?" तू म्हणाली, "वांगे." मी दारात बसून तोंड पुसलं, वांगे खाल्ल्यासारखं. तू माझ्याकडं पाहून हसली. तेव्हापासून कोणीही विचारलं, तर माझ्या तोंडातून वांगेच निघतात.

सिस्टर काही वाईट नाही. माझं खाणं एवढं बरोबर, मग गोळीच कमी पडत असेल, असं समजून डॉक्टरनं दोनदा गोळी वाढवली. मागच्या महिन्यात मी खरंच ठरवलं, नातीसाठी. तीन दिवस गंजाकडं पाठ केली. वहीत लिहिलं तेच खाल्लं. तिसऱ्या दिवशी नात मांडीवर होती, सून नहानीत. एकाएकी हात कापायले लागले, चोळी घामानं भिजली, लेकरू मांडीवरून घसरून राहिलं अन् माझी बोटं तिले धरत नव्हती. कशीबशी तिले गोधडीवर ठेवलं अन् भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात जाऊन गूळ तोंडात कोंबला, वरून भात. थोड्या वेळानं उतरलं. चोरून खाते त्या भाताच्या मापाची गोळी मी भात न खाता घेतली, एवढं तर तिसरी शिकलेल्या बाईलेही कळते. सुनेले दिसलं ते एवढंच, की सासू घामाघूम अन् लेकरू गोधडीवर रडून राहिलं. ती रागानं नाही बोलली. हळूच म्हणाली, "आई, आता तिले एकट्या घेत नका जाऊ." मी "हो" म्हणलं.

म्हणजे खरं सांगितल्याशिवाय यातून सुटका नाही. आज सांगायचंच होतं. रात्रीपासून शब्द जुळवून ठेवले होते. पण सिस्टरनं पेन उचलला, शेजारीण मान पुढं करून बसली, सून तशी मानानं पाहून राहिली, अन् तोंड उघडलं तर मेथी. शेजारणीले दोष देत नाही. मागच्या खेपेले ती नव्हती, तरी मेथीच निघाली.

मले पहिलं लेकरू झालं, तेव्हा तू आपल्या चिचगडहून पायी आली होती. पदराच्या गाठीत अख्खा तांदूळ, ओंजळभर. तू तो माझ्या सासूच्या चुलीवर रांधला अन् माझ्यासमोर बसून मले खाऊ घातला. मी म्हणलं, "माय, तू?" तू म्हणाली, "मी जेवून आली, वांगे होते." मी खात राहिली. साराच खाल्ला. तुले पुन्हा विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर एक घास द्यावा लागला असता.

हे पान आता कुठं ठेवू? सुनेले वाचता येते. तुले येत नव्हतं, म्हणूनच तर तुले लिहिलं. जाताना सिस्टर म्हणाली, आणखी मोठी गोळी लिहून आणीन, सोमवारी येतो दोघीही. आज गुरुवार. रविवारी मी काय खाल्लं ते ठरवून ठेवलं आहे: एक भाकर अन् दोडक्याची भाजी, कारण दर खेपेले मेथी म्हणलं तर तिले शंका यायची.