नाल्याकाठची चार तासं

कॉन्स्टान्झ, जर्मनी
१० जून २०२४

ती. बाबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर आई जेवणाखाण्यापलीकडे बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र. इथल्या बोडनसे सरोवराचं पाणी लाखो लोक पितात. शेतांतलं खत आणि शेण वाहून आलं की त्यात शेवाळ माजतं. ते तपासणं हे माझं काम.

ऑगस्टमध्ये मला इथल्या शेतकऱ्यांना पटवायचं आहे, की पाण्याकाठचा पट्टा पेरू नका, तिथं गवत वाढू द्या, ते वाहून येणारं खत अडवतं. मागच्या सभेत एक म्हातारे शेतकरी म्हणाले, आधी स्वतःच्या बापाला सांगून बघ. फार लागलं मला ते. तर बाबा, आपल्या वावराची एक कड सोडाल? आपला नालाही शेवटी बोर नदीलाच मिळतो.

लोभ आहेच, रागावून कमी करू नका.
तुमची पौर्णिमा

हिंगणी, जि. वर्धा
८ जुलै २०२४

चि. पौर्णिमास अ. उ. आ.

कपाशी लावताना चार तासं, चार ओळी रिकाम्या सोडल्या, पण सडकेच्या बाजूनं. म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. दोन आठवडे स्टँडवर फुशारकी मारली. मग तुझी आई वावरात आली आणि म्हणाली, "पाणी सडकीवर चढते काऊन? नाल्याकडलं सोडा लागत होतं ना."

तोवर नाल्याकडची पऱ्हाटी चार बोटं वर आली होती. ती मी उपटली. खोटं कशाला लिहू, जीव तुटला. आता तिथं गवत आहे आणि सडकेकडं तूर टोबली.

तुझ्या म्हाताऱ्याला सांग, बापानं ऐकलं. चूक केली तेही सांग, लपवू नको.

तब्येतीला जप, माया तर आहेच.
तुझा बाबा, हरिदास

कॉन्स्टान्झ
२२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस सप्रेम जयभीम, वि. वि.

काल सभा झाली. भाषण बाजूला ठेवलं आणि तुमचं पत्रच त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं. सडकेच्या गोष्टीवर सगळे पोट धरून हसले. मग पऱ्हाटी उपटल्याचंही वाचलं.

त्या म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, की मजूर लावले होते की स्वतः उपटली. स्वतः, म्हटलं. त्यांनी चष्मा लावला आणि पट्टा सोडण्याच्या संमतीपत्रावर पहिली सही केली. मागून अकरा जणांनी केली.

आज त्यांनी मला गोठा दाखवायला बोलावलं. गायींच्या नावांसकट सगळं दाखवलं. बाबा, दोन वर्षांत पहिल्यांदा मला इथं परकं वाटलं नाही.

आईला आणि तुम्हाला आठवणीनं नमस्कार, माया राहू द्या.
तुमची पौर्णिमा