तलावातला उंचवटा

मोहाडी, मार्गशीर्ष १९८८

चि. टेकचंद,

नागपूरच्या दुकानांनी बीएमएक्स सायकली मागवणे बंद केले, तरी तुम्ही चौघा मित्रांनी एकीचे सुटे भाग दुसरीला लावून तो खेळ जिवंत ठेवलात. आटलेल्या तलावात महिनाभर खपून सायकलींच्या उड्यांसाठी गाळाचा उंचवटा रचलात. मी तो बैलबंडीत भरून खत म्हणून माझ्या बांधीत, धानाच्या शेतात टाकला.

तू विचारलेस, "मामा, आमची उडी काहून नेली?"

"मले का मालूम, बाप्पा! मले वाटलं, गाळच हाये."

खोटे होते ते. त्यावर चाकांच्या खुणा होत्या. पण आयता खोदलेला गाळ पाहून मला मोह झाला. तू सायकल विकून वरठीला कामाला गेलास.

यंदा त्या बांधीत धान चांगले आले. नव्या तांदळाचा नैवेद्य ठेवला, तेव्हा देवापुढे ते खोटे पुन्हा बोलता आले नाही. तुझ्यापुढे खरे बोलवत नाही, म्हणून हे पत्र पोथीतच ठेवतो.

तुझा मामा,
कृष्णराव